दिव्यातली आतली नळी बाहेरच्या काचेला कुठे जोडलेली असते?

प्रश्न तासगावकडच्या एका तरुणाचा आहे. रस्त्यावरचे जुने सोडियम आणि मर्क्युरीचे दिवे उतरवून त्या जागी एलईडी बसवायचं काम तो करतो. उतरवलेल्या दिव्यात मोठ्या काचेच्या आत आणखी एक छोटी नळी असते. ती बाहेरच्या काचेला नेमकी कशी जोडतात, असं त्याने विचारलं आहे. आणि पुढे असंही, की बाहेरची काच फुटली पण आतली नळी धड असली, तर दुसऱ्या दिव्याची काच एपॉक्सीने चिकटवून तो पुन्हा वापरता येईल का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते, कारण त्यात डोळ्यांचा प्रश्न आहे. चिकटवून चालणार नाही. आणि बाहेरची काच फुटलेला मर्क्युरीचा दिवा 'बघू तरी लागतो का' म्हणून लावूसुद्धा नका. त्याची आतली नळी क्वार्ट्झची, म्हणजे फार उष्णता सोसणाऱ्या एका काचेची असते आणि क्वार्ट्झमधून अतिनील किरण आरपार येतात. एरवी ते बाहेरची काच अडवते. ती नसली की वेल्डिंग करणाऱ्याला आर्क लागतो तसाच इथेही लागतो. त्या वेळी काही जाणवत नाही, काही तासांनी मात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. उघड्या दिव्याखाली काम करणाऱ्याची कातडीही भाजते. नळीत पारा असतो, म्हणून ती फोडूनही बघू नका. हे दिवे अधिकृत ई-कचरावाल्याकडेच द्या.

आता मूळ प्रश्न. मी २९ वर्षं दिव्यांच्या कारखान्यात काढली. पहिली सहा माउंटिंगच्या, म्हणजे आतली चौकट जुळवण्याच्या टेबलावर आणि पुढची सगळी सिलिंगच्या, म्हणजे काच वितळवून सांधा बंद करण्याच्या तपासणीवर. आता सांगलीत विश्रामबागेत राहते. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कारखान्यात नव्याने आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाने विचारला, आणि दर वेळी उत्तर ऐकून तो थोडा गोंधळायचा. कारण उत्तर असं आहे: आतली नळी बाहेरच्या काचेला जोडलेलीच नसते.

हातातला एखादा स्वच्छ काचेचा, न फुटलेला सोडियमचा दिवा उजेडात धरून बघा. आतली नळी तारेच्या एका चौकटीत टांगलेली दिसेल. ती चौकट खाली दोन जाड तारांना वेल्ड केलेली असते. त्या तारा काचेच्या एका दांड्यातून खाली उतरतात. या दांड्याला आम्ही स्टेम म्हणतो. स्टेमचं खालचं तोंड धोतऱ्याच्या फुलासारखं पसरट असतं, त्याला फ्लेअर म्हणतात. फ्लेअरची ही कड आणि बाहेरच्या बल्बची मान, एवढ्या दोनच गोष्टी एकमेकींत वितळवून एक केलेल्या असतात. अख्ख्या दिव्यात बाहेरच्या काचेचा सांधा तो एवढाच, आणि तो टोपीखाली झाकला जातो म्हणून तुम्हाला कधी दिसत नाही. टोपीच्या कडेला जो पांढरट-तपकिरी मसाला दिसतो तो फक्त टोपी बसवण्याचं सिमेंट. दिवा हवाबंद राहण्याशी त्याचा संबंध नाही.

चौकटीच्या वरच्या टोकाकडेही लक्ष द्या. फुगीर आकाराच्या बल्बच्या शेंड्याला बहुतेक वेळा आत दाबलेली एक खळी असते आणि चौकटीचं कडं तिच्याभोवती सैलसर बसतं. सरळ नळीसारखा बल्ब असेल तर पातळ पट्ट्यांच्या स्प्रिंगा काचेला आतून टेकलेल्या दिसतील. टेकलेल्या, चिकटवलेल्या नव्हेत. दिवा हादरला तर नळीने डोलू नये एवढाच आधार, आणि तापून लांबायला मोकळीक.

कराडजवळच्या ओगलेवाडीला १९१६ साली ओगले बंधूंचा काचकारखाना सुरू झाला. तिथला प्रभाकर कंदील आमच्या आजोळी होता. कंदिलाची काच आठवा. तिला पत्र्याला कुठेच चिकटवलेलं नसतं. ती तारेच्या कडीत उभी राहते, वरून टोपी हलकेच दाबते, आणि खटका ओढला की काच वर उचलली जाते. आजी काच पुसून परत बसवायची तेव्हा ती किंचित खुळखुळायची. मला लहानपणी वाटायचं, ही नीट बसली नाही. नीटच बसलेली असायची. गच्च बसवली असती तर तापल्यावर पत्रा आणि काच आपापल्या मापाने पसरले असते आणि त्यात काच गेली असती. दिव्यातली आतली नळी टांगताना हाच विचार असतो.

आता आकडे घेऊ, कारण सगळं कारण त्यातच आहे. एक मीटर लांबीच्या पट्ट्या घेतल्या आणि त्या ५०० अंशांनी थंड होऊ दिल्या असं समजा. साध्या सोडा काचेची पट्टी सुमारे ४.५ मिलिमीटर आखडेल. बोरोसिलिकेट, म्हणजे आमच्या भाषेत हार्ड ग्लास, सुमारे १.६५ मिलिमीटर. आणि क्वार्ट्झ अवघी पाव मिलिमीटरच्या आसपास. मर्क्युरीच्या दिव्यात आतली नळी क्वार्ट्झची आणि बाहेरची काच बहुधा हार्ड ग्लासची असते. या दोघी वितळवून जोडल्या, तर लाल असताना छान एकजीव झालेल्या दिसतील. थंड होताना एक आखडू बघेल आणि दुसरी जागची हलणार नाही. या ओढाताणीत सांध्यावर दर चौरस मिलिमीटरला ९ किलोच्या आसपास ताण येतो. रोजच्या हाताळणीतल्या, बारीक ओरखडे पडलेल्या काचेवर कायमचा ताण एक किलोच्याही खाली ठेवावा, असा आमचा दंडक. म्हणजे सांधा मशीनवरून उतरण्याआधीच तडकणार.

बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना लोहार याच आखडण्याचा उपयोग करतो. लोखंडी धाव तापवून मोठी करायची, लाकडावर बसवायची, पाणी ओतायचं. धाव आखडते आणि चाक आवळून धरते. लाकूड दाब सोसतं, म्हणून ते जमतं. काचही दाब भरपूर सोसते, पण ताण सोसत नाही. आणि दोन काचा जोडल्या की एकीवर दाब आला तर दुसरीवर ताण येणारच, त्यातून सुटका नाही.

मग कुणीही विचारेल, काचेतून धातूची तार बाहेर येते ती कशी टिकते? तिथेही मापं जुळवावी लागतात. साध्या बल्बच्या मऊ काचेसाठी सुरुवातीच्या काळात प्लॅटिनमची तार वापरत, कारण तिचं पसरणं त्या काचेशी जवळजवळ तंतोतंत जुळतं. ती महाग, म्हणून पुढे ड्युमेट आली: आत निकेल-लोखंडाचा गाभा आणि वरून तांब्याचा थर. ड्युमेटचा सांधा चांगला झाला की काचेतून विटकरी लाल दिसतो. काळपट दिसला तर तांबं जास्त जळालंय, आणि चकचकीत पिवळा दिसला तर काच धातूला धरलेलीच नाही. हार्ड ग्लासमध्ये टंगस्टन किंवा मॉलिब्डेनमची तार चालते. क्वार्ट्झशी मात्र कोणत्याच नेहमीच्या धातूचं माप जुळत नाही. तिथे युक्ती वेगळी. मॉलिब्डेनमची पट्टी इतकी पातळ घ्यायची, मिलिमीटरच्या तीस-चाळिसाव्या भागाएवढी, आणि तिच्या कडा वस्तऱ्यासारख्या निमुळत्या करायच्या, की काचेला ओढण्याइतकी ताकद त्या धातूत उरतच नाही. तो स्वतःच थोडा ताणला जातो. तुमच्या मर्क्युरीच्या नळीच्या दोन्ही टोकांना चपटा दाबलेला भाग आहे ना, त्यातली चंदेरी पट्टी म्हणजे हीच. माझ्या मते या सगळ्या धंद्यातली सर्वात देखणी कल्पना ही.

सोडियमच्या नळीत आणखी वेगळी गोष्ट. तापलेला सोडियम काच आणि क्वार्ट्झ दोन्ही खातो. म्हणून ती दुधी रंगाची नळी काचेची नसून ॲल्युमिनाची, म्हणजे एका सिरॅमिकची असते. असं उजेड जाऊ देणारं ॲल्युमिना अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट कोबल यांनी १९५० च्या दशकात बनवलं आणि त्यामुळे हे दिवे शक्य झाले. तिच्या टोकांना नायोबियम धातू वापरतात, कारण त्याचं पसरणं ॲल्युमिनाशी जुळतं. दिवा पेटलेला असताना या नळीची भिंत १२०० अंशांच्या आसपास असते. बाहेरची काच त्या तापमानाला पाण्यासारखी नाही, पण पाकासारखी नक्कीच वाहील. अशा वस्तूला तिने अंगाला लावून का घ्यावं?

आता मानेचा सांधा कसा होतो ते सांगते. हे माझं आवडतं काम. सिलिंगचं मशीन म्हणजे गोल फिरणारी चकती, तिच्यावर ओळीने हेड. प्रत्येक हेडमध्ये बल्ब मान खाली करून ठेवतात आणि खालून माउंट, म्हणजे स्टेम आणि त्यावर उभी केलेली चौकट, आत जातो. बल्बची मान मुद्दामच लांब ठेवलेली असते, फ्लेअरच्याही खाली चांगली लोंबेल इतकी. हेड स्वतःभोवती फिरत एकेका ज्योतीपुढे येतं. पहिल्या ज्योती मऊ, पिवळसर, फक्त काच तापवायला. नंतर ऑक्सिजन वाढवलेल्या टोकदार निळ्या ज्योती.

इथे गुऱ्हाळ आठवावं. काचेला बर्फासारखा वितळण्याचा ठरावीक आकडा नसतो. ती काहिलीतल्या रसासारखी टप्प्याटप्प्याने बदलते. काकवी, मग तार धरणारा पाक, मग गोळी. गुळव्या जसा पळीवरून पडणारी धार बघून काहील उतरवतो, तसं सिलिंगवाला मानेचा लोंबता भाग बघतो. ज्योत लागते तिथे मान मऊ होते, खालचा भाग स्वतःच्या वजनाने ओढला जातो, मान आत चिमटते आणि फ्लेअरच्या कडेवर बसते. दोन काचा एक होतात. आणखी एका ज्योतीने खालचा लोंबता भाग तुटून पडतो. त्याला कलेट म्हणतात आणि तो पडल्याचा टिंग असा आवाज येतो. जुने ऑपरेटर पाठ करून उभे असले तरी त्या आवाजावरून सांगायचे की अमुक हेडची ज्योत कमी पडतेय. लगेच स्टेममधल्या पंपाच्या नळीतून, म्हणजे ज्या बारीक नळीतून पुढे हवा काढतात तिच्यातून, हलकी फुंकर मारतात, म्हणजे सांधा आत दुमडून न राहता गोलसर होतो. सांध्याच्या आत टोकदार खाच राहिली तर चीर तिथूनच सुरू होते.

यापुढचा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो आणि दिवे मरतात ते तिथेच. सांधा झाल्यावर तो सावकाश थंड व्हावा लागतो. त्याला अनीलिंग म्हणतात. हार्ड ग्लास साधारण ५६० अंशांच्या आसपास असताना आतला ताण सुटू शकतो. त्याच्या बऱ्याच खाली गेली की जो ताण उरला तो काचेत कायमचा बंद होतो. म्हणून शेवटच्या दोन-तीन जागांवर रुंद, ढिल्या ज्योती असतात. त्या काच वितळवत नाहीत, फक्त तिला एकदम गार होऊ देत नाहीत.

एका जानेवारीत आमच्याकडे २५० वॅटच्या मर्क्युरीच्या दिव्यांचा माल रात्री पास व्हायचा आणि सकाळी गोदामात मानेला केसासारखी चीर दिसायची. सगळ्या मालात नव्हे, फक्त पहाटेच्या. काच बदलून पाहिली, फ्लेअरचा साचा बदलला, गॅसचं प्रेशर तपासलं. आठवडाभर कुणाला झोप नव्हती, आणि बोलणी मात्र माउंटिंगच्या मुलींनाच बसत होती. शेवटी मी पहाटे चारला मशीनपाशी जाऊन उभी राहिले. माल न्यायला मागचं शटर अर्धं उघडलं की बाहेरचा गार वारा आत यायचा आणि शेवटची अनीलिंगची ज्योत वाकायची. मान एका बाजूने लवकर थंड होत होती. काचेतला ताण दाखवणाऱ्या पोलारिस्कोपखाली धरली तर त्या बाजूला पांढरी लकाकती पट्टी स्पष्ट. चीर लगेच का पडत नव्हती, तर ताणाखालच्या काचेतला बारीक ओरखडा हवेतल्या दमटपणाने हळूहळू पुढे सरकतो. त्याला कधी तास लागतात, कधी दिवस. आम्ही तिथे एक पत्रा आडवा लावला आणि चिरा थांबल्या. माउंटिंगच्या मुलींची माफी कुणी मागितली नाही, याची खंत मला आजही आहे.

सांधा झाल्यावर पंपाच्या नळीतून हवा काढतात. मर्क्युरीच्या दिव्यात मग नायट्रोजन भरतात, सोडियमच्या दिव्यात निर्वात पोकळीच ठेवतात, आणि ती पंपाची नळी वितळवून बंद करतात. यासाठीच तर बाहेरची काच आहे. तापलेला मॉलिब्डेनम ३५० अंशांच्या वर हवेत टिकत नाही, त्याची पट्टी ऑक्साइड होऊन फुगते आणि क्वार्ट्झला फोडते. नायोबियमचंही हवेत तसंच. सोडियमच्या दिव्यात उरलीसुरली हवा टिपायला बेरियमचा गेटर असतो. बाहेरून कॉइलने तापवला की तो उडून मानेजवळ आरशासारखा काळसर चंदेरी डाग बसतो. तुमच्याकडच्या सोडियमच्या दिव्यांत हा डाग शोधा. चकचकीत असेल तर पोकळी शाबूत आहे. पांढरा, पिठासारखा झाला असेल तर बाहेरून धड दिसणाऱ्या त्या दिव्यात कुठून तरी हवा शिरलेली आहे.

आता तुमचं एपॉक्सी. ते काचेला घट्ट धरेल, ताकदीचा प्रश्न नाही. पण दीडदोनशे अंशांपुढे ते मऊ पडतं, करपतं, आणि पोकळीत स्वतःच वायू सोडत राहतं. शिवाय आतला नायट्रोजन किंवा पोकळी तुम्ही परत आणणार कशी? काच फुटली त्याच क्षणी आत हवा गेली. नुसतं झाकण बसवून ती बाहेर जात नाही.

आतली आणि बाहेरची काच खरोखर एकमेकींत वितळवलेली बघायची असेल तर घरातला काचेचा थर्मास बघा. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये तशी दुहेरी भिंतीची बाटली बनवली. दोन्ही भिंती एकाच काचेच्या, तोंडाशी एक झालेल्या. माप एकच, म्हणून भांडण नाही. पिवळ्याधमक उजेडाचे कमी दाबाचे सोडियमचे दिवे १९३२ मध्ये नेदरलँड्समध्ये रस्त्यावर आले, तेव्हा त्यांची बाहेरची काच अशीच थर्माससारखी वेगळी असे, नळीवरून काढता-घालता येणारी. म्हणजे तुमच्या मनातली कल्पना एकदा वापरात होती. पण दोन्हींच्या मधे धूळ साचे आणि उजेड घटे, म्हणून १९५० च्या दशकात दोन्ही कायमच्या एकत्र बंद करायला सुरुवात झाली. मोटारीच्या झेनॉन हेडलाइटमध्येही बाहेरची बारीक नळी आतल्या नळीला थेट वितळवलेली असते. तिथे दोन्ही क्वार्ट्झच.

हे काम एलईडीने संपलं असं समजू नका. सध्या दुकानात पिवळ्या काड्यांचे, जुन्या बल्बसारखे दिसणारे एलईडी बल्ब मिळतात. त्यांच्या आत स्टेम आहे, फ्लेअर आहे, मानेचा तोच सांधा आहे. फक्त आतली उष्णता काचेपर्यंत पोचावी म्हणून हेलियम भरलेला असतो. हेलियम अगदी बारीक फटीतूनही निसटतो, त्यामुळे सांधा उलट जास्तच चोख लागतो.

ताण डोळ्यांनी बघायचा असेल तर पोलारिस्कोप विकत घ्यायची गरज नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर पूर्ण पांढरं पान उघडा आणि पोलराइज्ड गॉगलची एक काच डोळ्यासमोर धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा. आता मधे असा एखादा न फुटलेला, टोपी निघून आलेला साधा बल्ब धरा. चांगला अनील झालेला असेल तर मान जवळपास काळीच राहील. जिथे पांढरी रेघ लकाकेल तिथे बोट ठेवा, बल्ब सावकाश फिरवा, आणि ती रेघ सगळीकडे सारखी आहे की एकाच बाजूला, ते मला कळवा.